बाबांच्या फोनातली पंगत

बाबांना एक पुरावा शर्टाच्या खिशात घालून गिरडला न्यायचा होता, आणि तो त्यांच्या फोनात काही केल्या चालत नव्हता. मागच्या उन्हाळ्याची माझी निम्मी सुट्टी त्यातच गेली.

बाबा पुलगावला राहतात. डेपोतली नोकरी संपून त्यांना बरीच वर्षं झाली. मी देवळीच्या एका शाळेत शिकवते. लॉकडाऊनमध्ये तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून मी मुलांसाठी धड्यांचे व्हिडिओ केले होते. वर्गातल्या फारच थोड्या मुलांनी ते पाहिले. नातेवाइकांनी मात्र झाडून सगळ्यांनी पाहिले, आणि तेव्हापासून आमच्या घराण्यात व्हिडिओच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा झाला. कुणाचा फोन भरला, कुणाच्या बारशाच्या व्हिडिओला गाणं जोडायचं राहिलं, की निरोप मला येतो. आमच्यात एक चुलतभाऊ डॉक्टर आहे, त्याला कुणी इतकं विचारत नाही.

पुरावा होता माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नातला. लग्न पुलगावलाच, विहारासमोरच्या मैदानात झालं. मी तेव्हा आठवीत होते. पांढऱ्या साडीतली बहीण, भंतेजींचा संथ आवाज, फुलांच्या पाकळ्या, आणि व्हिडिओवाल्याचा तो भगभगता दिवा एवढंच मला आठवतं. तो दिवा तोंडावर आला की चांगली गप्पा मारणारी माणसं एकदम गप्प होऊन ताठ उभी राहत.

घरातल्या मोठ्यांना मात्र त्या लग्नातली एकच गोष्ट आठवते. माझ्या आत्याचे यजमान जेवले की नाही.

त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. आत्या ही बाबांची मोठी बहीण, गिरडजवळच्या एका खेड्यात तिचं घर. आत्याचं म्हणणं असं की त्या दिवशी तिच्या नवऱ्याला कुणी ‘जेवा’ म्हटलं नाही आणि तो माणूस उपाशीपोटी गावाला परत गेला. बाबांचं म्हणणं असं की मामाजी पंगतीत होते.

"म्या माह्या डोयानं पाह्यलं भाटव्याले पंगतीत," बाबा म्हणत. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात, आणि त्याचा मान लग्नात नवरदेवाच्या खालोखाल असतो. त्यामुळे तो उपाशी जाणं ही साधी गोष्ट नव्हती.

"पंगतीत होते तं मंग घरी येऊन भाकर काऊन मांगतली त्यायनं?" आत्या विचारी.

"ते रात्रीची असन."

"तुले काय माहीत रात्रीची का दिवसाची? तू होता का तथी?"

हे पंचवीसेक वर्षं चाललं. बोलणं बंद झालं नाही, कारण बोलणं बंद करणं आमच्या घराण्यात कुणालाच जमत नाही. पण आत्याने जाहीर करून टाकलं, "आता माहा नवरा तुह्या घरी अन्नाले शिवनार नाई." आणि खरंच, मामाजी पुलगावला आले की चहा घेत, पाणी पीत, सगळ्यांची विचारपूस करत, आणि ताटं मांडायला सुरुवात झाली की बसमध्ये जागा धरायला म्हणून पुढे निघून जात. बाबाही कमी नव्हते. त्यांनी जाहीर केलं की मग मीही बाईच्या, म्हणजे बहिणीच्या, घरी जेवणार नाही. गिरडला गेले की ते आत्याने वाढलेल्या ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसत, पोळीची तारीफ करत आणि एक घास खात नसत.

मामाजी स्वतः या विषयावर चकार शब्द काढत नसत. मुळात ते कमीच बोलत. त्यांच्या बाजूने आत्या बोलायची, बाबा उलट बोलायचे, आणि ज्याच्या पोटावरून हे सगळं चाललं होतं तो माणूस खाटेवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत असायचा.

मागच्या वर्षी आईने कपाट आवरताना लग्नाची कॅसेट बाहेर काढली. काळी, जाडजूड, पुस्तकाएवढी. आतल्या फितीवर पांढरी बुरशी आली होती. आई ती भंगारात टाकणार होती. बाबांनी तिच्या हातातून ती जवळजवळ हिसकावून घेतली.

"यात पंगत असन," ते म्हणाले.

वर्ध्याच्या एका फोटो स्टुडिओत अशा कॅसेटी साफ करून पेनड्राइव्हवर उतरवून देतात. मी ती नेऊन दिली. स्टुडिओवाल्याने काम चोख केलं होतं. पुलगावच्या घरी येऊन लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला तर अख्खं लग्न समोर उभं राहिलं. रंग जरा पिवळट, आवाज घशात अडकल्यासारखा, पण सगळं होतं. व्हिडिओवाल्याने जागोजागी बदाम फिरवले होते. भंतेजींचं त्रिशरण चालू असतानाही कोपऱ्यातून एक गुलाबी बदाम गरगरत येऊन गेला होता.

मी बाबांना म्हटलं, "लॅपटॉपवर पाहा ना, मोठं दिसतं."

"मले पाह्याचं नाई. मले दाखवाचं हाय."

"मग ताईने पाठवलेल्या फोनवर टाकून देते."

तो फोन बहिणीने पुण्याहून पाठवला होता, चांगला मोठ्या पडद्याचा. बाबांनी तो पिशवीसकट लोखंडी कपाटात ठेवला होता. त्यांचा जीव होता तो त्यांच्या बटणांच्या फोनावर. त्यात मेमरी कार्ड बसतं, त्यावर ते सकाळी वंदना ऐकतात, संध्याकाळी स्टेशनाकडच्या पारावर मित्रांसोबत जुनी गाणी. पडदा तिकिटापेक्षा थोडा मोठा.

"मोठ्या फोनावर आजकाल काय बी बनवते लोक," बाबा म्हणाले. "मेलेल्या मानसाले नाचवते. बाई म्हनन, तुह्या पोरीनं बनवलं. या फोनात लबाडी करता येत नाई. यातच टाकून दे."

हा युक्तिवाद मला तेव्हा पटला. नंतर त्यावर मी बराच विचार केला.

तर मी फाइल कार्डवर टाकली आणि कार्ड फोनात घातलं. फोनने सरळ नकार दिला. फाइल उघडता येत नाही, असं इंग्रजीत सांगून तो मोकळा झाला. मी लॅपटॉपवर एक फुकटचं कन्व्हर्टर उतरवून घेतलं, म्हणजे व्हिडिओ एका साच्यातून काढून दुसऱ्या साच्यात ओतणारा प्रोग्राम. त्यात रकानेच रकाने. चित्र किती रुंद, किती उंच, एका सेकंदात किती चित्रं, आवाज किती जाड. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण घराण्याचा माझ्यावर विश्वास होता. मी जे सुचलं ते भरलं आणि बटण दाबलं. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "मिक्सर चालू केला का कोनं?"

पहिल्या खेपेला फोनने फाइल उघडली. बाबांचे डोळे चमकले. चित्र दिसलं आणि तिथेच थांबलं. आवाज मात्र पुढे गेला. बहीण आणि भावजी हार हातात धरून जागच्या जागी उभे, आणि मागे त्यांचं लग्न लागून, टाळ्या वाजून, जेवणाची हाक सुरू झालेली. मग एकदम चित्राने उडी मारली आणि दोघं खुर्च्यांवर बसलेले दिसले. हार कधी घातले ते कुणालाच कळलं नाही.

"काऊन अटकून राह्यलं हे?"

"फोनला झेपत नाहीये बाबा. एका सेकंदात पंचवीस चित्रं दाखवावी लागतात त्याला."

"पंचवीस?" बाबांना हा शुद्ध उधळेपणा वाटला. "एका सेकंदात? कायले? मले बारा दे. मले बारा पुरते."

मी बारा केली. मग चित्र चाललं, पण सगळी माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी चालायला लागली. आमचे गंभीर स्वभावाचे काका मंडपात येताना पाय झटकत नाचत आल्यासारखे दिसले. बाबा त्यावर इतके हसले की पाणी प्यावं लागलं, पण मग म्हणाले, "नाई. असं दाखवलं तं बाई म्हनन, हे बनावटच हाय."

दुसऱ्या दिवशी मी चित्राचा आकार फोनाच्या पडद्याएवढा केला, पण उंची-रुंदीचं प्रमाण चुकलं आणि सगळं वऱ्हाड बुटकं आणि रुंद झालं. आईने खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "माह्या आंगावर त्या दिवशी एवढं मांस होतं?" ती पुन्हा त्या फोनाकडे फिरकली नाही.

अजून एक भानगड होती. जुन्या कॅसेटीतल्या चित्रात कुणी हललं की त्याच्या कडेला कंगव्याचे दात फुटल्यासारख्या रेघा येत. उभा माणूस नीट, चालणारा माणूस दातेरी. प्रोग्राममध्ये यालाही एक चौकट होती, तिच्यावर खूण केली की दात जातात. मला ती पुष्कळ उशिरा सापडली. फाइल हलकी व्हावी म्हणून आवाज मी एका कानाचा, म्हणजे मोनो, केला. शेवटी फोनला अख्खं लग्न पचत नाही म्हणून त्याचे तुकडे केले. हार घालण्याचा एक, वंदनेचा एक, आहेरांचा एक, आणि पंगतीचा एक.

दरम्यान बहिणीचा पुण्याहून फोन आला. काय चाललंय म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "पंगतीचा तुकडा झाला का आधी? तेवढा नीट कर. बाकी माझं लग्न काय, लागलंच आहे."

पंगतीचा तुकडा कापायचा म्हणून मी तो लॅपटॉपवर पहिल्यांदा सावकाश, थांबवत थांबवत पाहिला. मैदानात सतरंज्यांच्या लांब पट्ट्या, दोन्ही बाजूंनी माणसं, पत्रावळी. कॅमेरा एका टोकापासून निघतो आणि तोंडं टिपत जातो. दिवा येताच माणसं चघळायची थांबतात. बाबा नव्या सफारीत हात जोडत पंगतीतून फिरतात. आणि त्यांच्या मागे, खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस पाठमोरा वाकलेला दिसतो. तो वळला तेव्हा मी चित्र थांबवलं. मामाजीच होते. केस काळे, मिशी जाड. हातात भाजीची बादली होती आणि ते वाढत होते.

मी पुढे पाहत गेले. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. मामाजी बादली बदलून परत आले. वांग्याची भाजी संपली की वरण, वरण संपलं की बुंदी. एका जागी ते कुणालातरी आग्रह करताना दिसले. तो माणूस पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरतो आणि मामाजी बोटांच्या फटीतून बुंदी सोडतात. कॅमेरा जिथे जाईल तिथे ते होते, फक्त बसलेले कुठेच नव्हते.

मी बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

"पाह्य! हायेत का नाई पंगतीत?"

"बाबा, ते वाढून राह्यले."

"मंग? पंगतीतच वाढून राह्यले ना? वाढनारा काय उपाशी राह्यते?"

आई भाजी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी तुमच्या घरी एवढे वर्सं वाढून राह्यली, मले इचारा."

बाबांनी तो तुकडा पुन्हा पाहिला. मग तिसऱ्यांदा पाहिला. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं असावं की हे त्यांच्या बाजूचं नाही. भाटवा उपाशी गेला हा एक आरोप होता. भाटव्याच्या हातात बादली दिली हा त्याहून मोठा झाला असता. ते खुर्चीत मागे टेकले आणि जरा वेळाने हलक्या आवाजात म्हणाले, "हे बादली काढता येते का?"

"व्हिडिओतून?"

"हाव. तुले येते ना सगळं."

मला ते येत नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही. पंगतीचा तुकडा बारीक करून फोनात टाकला तर तो इतका गुळगुळीत चालला की मी स्वतःच चकित झाले. न अडकता, न उडी मारता, आवाज ओठांबरोबर. फक्त त्या एवढ्याशा पडद्यावर बादली दिसत नव्हती. टॉवेल टाकलेला एक माणूस पत्रावळीपुढे वाकलेला दिसे, बस्स. पाहणाऱ्याला तो घास घेतोय असंच वाटलं असतं. ज्या फोनात लबाडी करता येत नाही म्हणून बाबांनी हट्ट धरला होता, त्याने ती कुणाच्या मदतीशिवाय करून दाखवली होती.

बाबा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि समाधानाने म्हणाले, "आता कसं. आता बरोबर दिसते."

मी लॅपटॉप बंद केला. त्यात माझाही थोडा स्वार्थ होता. मला ते प्रकरण मिटायला हवं होतं आणि सुट्टी संपत आली होती.

टेकडीवर दर्ग्याला जाऊन येऊ, असं कारण काढून बाबांनी सगळ्यांना गाडीत घातलं. बाबा देवाधर्माचं काही मानत नाहीत, पण गिरडच्या टेकडीवरची हवा मानतात. वर्धा मागे पडलं. जाम गावच्या चौरस्त्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे गाडी थांबवायला लावली, भजी खाल्ली आणि आम्हालाही खाऊ घातली. मग टेकडीवर जाऊन हवा घेतली. उतरताना ते दोनदा खिसा चाचपून पाहत होते.

आत्याच्या अंगणात निंबाखाली खाट होती. खाटेवर मामाजी, हातात अडकित्ता. आत्याने आम्हाला पाणी दिलं. बाबा खुर्चीवर बसले, घसा साफ केला आणि फोन काढला.

"बाई, एक गोष्ट दाखवतो. पंचवीस वर्साचा निकाल हाय हा."

आत्याने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "हे काय, मुंग्या फिरून राह्यल्या का?"

"पंगत हाय ते. नीट पाह्य."

"मले तं एक बी मानूस ओळखू येऊन नाई राह्यला."

"हे टॉवेलवाले पाह्य. हे भाटवे. जेवून राह्यले का नाई?"

"हा तं आचारी दिसते बाबू."

"आचारी कुठचा? मिशी पाह्य ना!"

"मिशी कुठं हाय? तथी काही तरी काळं हाय."

दोघं त्या फोनावर डोकी जुळवून भांडत होते. एवढ्यात खाटेवरून आवाज आला, "आना इकडं."

आत्याने फोन मामाजींच्या हातात दिला. त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला, हात धोतराला पुसले, आणि तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. संपल्यावर ते माझ्याकडे वळले.

"अटकत नाई," ते म्हणाले. "चांगलं चालते. आमच्या नातवाच्या फोनात अटकते."

एवढ्या खटाटोपाबद्दल मला मिळालेली ती एकमेव शाबासकी.

"पन तुमी जेवून राह्यले ना?" बाबांनी घाईने विचारलं.

"मी वाढून राह्यलो," मामाजी म्हणाले. "वांग्याची भाजी. हातात बादली हाय, यात दिसत नाई."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी निंबाकडे पाहिलं.

आत्या उभी राहिली. "बादली? तुमच्या हातात? घरच्या भाटव्याच्या हातात बादली देली तुनं बाबू?"

"म्या कायले देतो? मले तं आताच मालूम झालं!" हे खोटं होतं, पण फार जुनं नव्हतं.

"कोनं देली नाई," मामाजी म्हणाले. "वाढनारे पोट्टे बँडापुढं नाचाले गेलते. पंगत बसून राह्यली, पत्रावळी कोरड्या. मंग घेतली म्या."

"अन् मंग तसेच उपाशी आले!"

"उपाशी कायले? आचाऱ्यापाशी बसून जेवलो ना. कढईतली गरम भाजी, पोया. बुंदी त्यानं जास्तच देली."

 फोनात तुकडा पुन्हा आपोआप सुरू झाला होता आणि त्यातून बारीक सनई वाजत होती.

"मंग त्या दिवशी गाडीत मले काय सांगतलं तुमी?" आत्याचा आवाज खाली आला होता. तो खाली आला की आम्हाला जास्त भीती वाटते.

"तू इचारलं, कोनं जेवा म्हटलं का. म्या म्हटलं, नाई. कोनं म्हटलंच नवतं."

"अन् घरी येऊन भाकर मांगतली ते?"

"रात झालती. भूक लागली."

"ते मी सांगतलं होतं!" बाबा ओरडले. पंचवीस वर्षांत त्यांचा एक तरी मुद्दा खरा ठरला होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"एवढे वर्सं झाले," आत्या म्हणाली, "एक डाव सांगता नाई आलं?"

मामाजींनी जरा विचार केला. "तू भांडून राह्यलती. मधात कोन बोलन?"

आत्या मटकन खाली बसली. बाबा मात्र आता जोरात आले होते. "मंग आमच्या घरी काऊन नाई जेवत भाटवे? आमच्या अन्नानं काय केलं?"

"हिनं सांगतलं, जेवाचं नाई." मामाजींनी आत्याकडे बोट केलं आणि परत सुपारी उचलली. "पन मले काही तरास नाई झाला. वैनीचा डबा राह्यते ना."

"कोनता डबा?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई पदराचं टोक सरळ करत होती. मामाजी निघाले की त्यांच्या कापडी पिशवीत ती काहीतरी घालते हे मी शाळेत असल्यापासून पाहत आले होते, आणि ते आत्यासाठी लोणचं असेल असं मी धरून चालले होते. बसमध्ये जागा धरण्याची घाई काय होती ते मला त्या अंगणात कळलं.

"उपाशी मानूस गाडीत बसवू का मी?" आई म्हणाली. "तुमी बहीनभाऊ भांडा. मले काय त्याचं."

बाबा बोटांवर हिशेब लावायला लागले. मामाजी लग्नात जेवले होते. मामाजी पुलगावलाही जेवत होते, आणि तेही घरचंच. आत्या तर आमच्याकडे नेहमी जेवायची, शपथ तिने फक्त नवऱ्याच्या वतीने घेतली होती.

"म्हंजे," ते म्हणाले, "एवढे वर्सं उपाशी मी एकलाच राह्यलो?"

"तुमी जामवर भजे खाऊनच येत होते," आई म्हणाली.

मला हसू आवरेना म्हणून मी पाण्याचा गडवा घेऊन आत गेले. मागोमाग आत्या आली. ती चुलीपाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून पातेल्यात डाव फिरवत राहिली, पातेल्यात काहीही उकळत नसताना. तिला रडू येत होतं की राग, ते मला कळलं नाही. पंचवीस वर्षं ती नवऱ्याच्या भुकेसाठी सख्ख्या भावाशी भांडली होती, आणि ती भूक नव्हतीच. मी गडवा भरून घेतला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुह्या मामाजीचं ताट मांड. नाई, तुह्या बापाचं आधी मांड."

त्या दिवशी बेसनाच्या पाटोड्यांचा रस्सा होता. बाबा आत येऊन पाटावर बसले, नव्या जावयासारखे अवघडून. आत्याने स्वतः वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो. खरं म्हणजे कुणी पाहत नाही असं दाखवायला हवं होतं, पण ते कुणाला सुचलं नाही.

"कसं झालं?" आत्याने विचारलं.

"चांगलं हाय," बाबा म्हणाले. आणि मग, इतक्या वर्षांच्या सवयीने, "मीठ जरा कमी हाय."

आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पंचवीस वर्सानं जेवाले बसला अन् मीठ कमी म्हनते!"

"कमी हाय तं कमीच म्हनीन ना."

"कमी नाई. तू भजे खाऊन आला, तुह्या तोंडाले चव नाई."

ते भांडण आम्ही निघेपर्यंत पुरलं आणि अजूनही फोनवर अधूनमधून चालतं. पण बाबा त्या दिवशी ताट चाटून उठले आणि त्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला, मीठ न घालता.

निघताना मामाजी गाडीपाशी आले. ते मला म्हणाले, "माह्या नातवाच्या फोनात टाकून देजो ते. पन मोठं टाक. बारीक नोको करू."

मी अख्खं लग्न, जसं स्टुडिओतून आलं तसं, त्यांच्या नातवाला पाठवून दिलं. न कापता, न बारीक करता. अडकत असेल तर अडको.

पुढे महिन्याभराने शाळा सुटायच्या वेळेला मला एक फोन आला. मामाजी होते. त्यांनी आयुष्यात मला स्वतःहून फोन केल्याचं आठवत नाही. ते म्हणाले, पाहून झालं, चांगलं हाय. मला वाटलं आता ठेवतील. पण ते बोलत राहिले. पहिल्या पंगतीत तुझ्या आईचे मामा होते, त्यांना भात चालत नव्हता म्हणून म्या दोन पोया जास्त घातल्या. दुसऱ्या पंगतीत कोपऱ्यातला तो पांढऱ्या टोपीवाला, तो तीनदा बुंदी नको म्हणाला आणि तीनदा घेतली. एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती, पोरगं वरणात हात घालत होतं. त्यांना सगळं आठवत होतं, कोण कुठे बसलं होतं, कुणाला काय वाढलं. त्यातली बरीच माणसं आता राहिलेली नाहीत, हेही ते मधूनमधून सांगत होते, पण थांबत नव्हते.

मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. पोरं दप्तरं घेऊन धावत सुटली होती. देवळीहून घरी जायची माझी बस निघून गेली. तरी मी ऐकत राहिले, कारण मामाजी तिसऱ्या पंगतीपर्यंत आले होते, आणि त्यात म्हणे मीच बसले होते. मी वांग्याची भाजी खात नव्हते. त्यांनी मला नुसता वरण-भात वाढला होता आणि भाताखाली दोन मुठी बुंदी लपवली होती.